‘ऊझ’ : पाझर, चीक की गाळ?

टीपकागद

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी आठवडाभर अडकले आहे, म्हणून हा धागा.

समुद्रतळावरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणते आहे. वाचक शाळकरी वयाचे. त्यात ‘ऊझ’ हा शब्द तीन ठिकाणी, तीन वेगळ्या कामांना आलाय. एके ठिकाणी झाडाच्या सालीला चीर पडते आणि तिथून राळ ‘ऊझ’ होते. दुसरीकडे खरचटलेल्या गुडघ्यातून रक्त ‘ऊझ’ होतं. तिसऱ्या ठिकाणी ते क्रियापदच नाही, नाम आहे : खोल समुद्राच्या तळाशी शेकडो मीटर जाडीचा ‘ऊझ’ साठलेला आहे.

कोशात क्रियापदाला ‘हळूहळू वाहणे, पाझरणे’ आणि नामाला ‘चिखल, गाळ’ असं दिलंय. माझ्या अडचणी अशा :

‘हळूहळू वाहणे’ मला पटतच नाही. सपाटीवर आलेली मोठी नदी संथ वाहते, तिला कुणी ‘ऊझ’ म्हणत नाही. म्हणजे निव्वळ वेगाची गोष्ट दिसत नाही. ‘पाझरणे’ जवळचं आहे, पण ‘गुडघ्यातून रक्त पाझरत होतं’ असं लिहिलं की कुठेतरी खटकतं. का खटकतं ते नेमकं सांगता येत नाही. आणि क्रियापद नि नाम यांचं नातं काय? पाझरून पाझरून चिखल झाला, असं काही आहे का?

जाणकारांनी लिहावं. व्युत्पत्ती, वापर, मराठी पर्याय, सगळंच हवं आहे.

रानवाट

राळेच्या वाक्यापुरतं सांगतो. झाडातून येतं त्याला आपल्याकडे ‘चीक’ आहे, ‘डिंक’ आहे, ‘राळ’ आहे आणि प्रत्येकाचं क्रियापद थोडं निराळं. फांदी मोडली की चीक ‘निघतो’ किंवा ‘गळतो’. डिंक मात्र सालीवर ‘येतो’, ‘फुटतो’, ‘पाझरतो’. राळेला डिंकासारखंच वागवावं. ‘चिरेतून राळ पाझरत होती’ हे अगदी नैसर्गिक आहे, तिथे बदलू नका.

जुनीपोथी

टीपकागद, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच गंमत आहे. क्रियापद आणि चिखलाचं नाम यांचं रक्ताचं नातं नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत. शतकानुशतकं शेजारी राहून ते एकसारखे दिसायला लागले.

पहिला शब्द जुन्या इंग्रजीतला ‘वोस’, त्यातला ओ दीर्घ. अर्थ रस, झाडपाल्याचा अंगरस. जुन्या इंग्रजीत वनौषधींचे ग्रंथ आहेत. त्यांत अमुक वनस्पतीचा ‘वोस’ घ्यावा, असं पुन्हा पुन्हा येतं. आयुर्वेदात ज्याला ‘स्वरस’ म्हणतात तेच. म्हणजे मुळात हे नाम होतं, आणि तेही औषधी, उपयोगाच्या गोष्टीचं. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचं ‘वोझ’ झालं आणि १४व्या शतकाच्या सुमारास त्यावरून क्रियापद निघालं : रसासारखं बाहेर येणं. आपल्याकडे पान्हा या नामावरून ‘पान्हावणे’ निघालं, तसंच.

दुसरा शब्द ‘वास’, त्यातला आ दीर्घ. अर्थ मऊ चिखल, दलदल. याची भावंडं उत्तर युरोपात पसरलेली आहेत. जुन्या नॉर्स भाषेतलं ‘वेइसा’ म्हणजे साचलेल्या पाण्याचं डबकं. मध्ययुगीन डच भाषेतून हाच शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे ‘वाझ’ झाला. आजही फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी ‘वाझ’ म्हणजे नदीखाडीतला चिखल आणि पुल्लिंगी ‘वाझ’ म्हणजे फुलदाणी. फुलदाणीचा शब्द लॅटिनमधून आलेला, त्याचा चिखलाशी संबंध नाही. शब्दांची अशी टक्कर इंग्रजीतच होते असं नाही.

तर झाडाचा रस आणि खाडीतला चिखल हे दोन शब्द आज इंग्रजीत एकाच उच्चाराने, एकाच स्पेलिंगने नांदतात. सावधपणे केलेले कोश दोन्ही स्वतंत्र नोंदींत देतात.

टीपकागद

हे फारच मोलाचं आहे! म्हणजे ‘पाझरून चिखल झाला’ ही मी मनाशी जुळवलेली गोष्ट चुकीची. बरं झालं विचारलं, नाहीतर तळटीपच लिहिणार होते.

पण मग ‘वोस’मधला ‘व’ गेला कुठे?

जुनीपोथी

ओ-ऊच्या तोंडाशी ‘व’ टिकणं जिभेला जड जातं. दोन्ही ध्वनींना ओठ गोल करावे लागतात, मग पहिला दुसऱ्यात विरघळतो. इंग्रजीत याची साक्ष रोजच्या शब्दांत आहे. ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘सोर्ड’ म्हणजे तलवार, दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू अजून बसलेला आहे पण तोंडातून कधीच गेला. ‘हू’ म्हणजे कोण, तिथेही तेच. ‘ऊझ’मध्ये उच्चारातून गेला आणि लिखाणातूनही गेला, एवढाच फरक.

आणि मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. जुन्या पोथ्यांत ‘वोवी’, ‘वोळख’, ‘वोसंडणे’ असं लिहिलेलं सापडतं. आज आपण ओवी, ओळख, ओसंडणे लिहितो. वाहण्याचाच एक शब्द तिकडे ‘वोझ’चा ‘ऊझ’ झाला आणि इकडे ‘वोसंडणे’चं ‘ओसंडणे’. एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांनी तेच केलं, हे मला फार आवडतं.

स्वरभक्ती

जुनीपोथी यांच्या प्रतिसादाला एक जोड. चिखलाचा शब्द ‘ऊझ’ झाला हे थोडं चमत्कारिक आहे आणि त्यावर थांबायला हवं.

जुन्या इंग्रजीतला दीर्घ आ पुढे साधारणपणे ‘ओ’कडे गेला. ‘स्तान’चं ‘स्टोन’, ‘हाम’चं ‘होम’. या नियमाने ‘वास’ या चिखलाच्या शब्दाचा उच्चार आज ‘वोझ’ हवा होता, म्हणजे ‘रोझ’शी यमक जुळलं असतं. तसं झालं नाही. तो थेट ‘ऊ’पर्यंत गेला आणि रसाच्या शब्दाला जाऊन मिळाला. माझ्या मते चिखलाच्या शब्दाने रसाच्या शब्दाचा उच्चार उचलला. दोन्ही ओले, दोन्ही मऊ, दोन्ही हळू सरकणारे. बोलणाऱ्याच्या मनात ते एक झाले.

जुनीपोथी

स्वरभक्ती, मुद्दा बरोबर, पण एक अडचण आहे. ‘दोन’साठीचा जुना शब्द ‘त्वा’ आणि ‘कोण’साठीचा ‘ह्वा’. दोन्हींत दीर्घ आ होता, तरी आज उच्चार ‘टू’ आणि ‘हू’ असे ऊकारान्त आहेत, ‘टो’ आणि ‘हो’ नाहीत. कारण आधीचा ‘व’ स्वराला वर ओढतो. म्हणजे ‘वास’चं ‘ऊझ’ होणं कुणाचा उच्चार न उचलताही शक्य आहे.

स्वरभक्ती

मान्य. ‘व’ने ढकललं आणि रसाच्या शब्दाने ओढून घेतलं, दोन्ही एकाच वेळी झालं असेल. ‘केवळ उच्चार उचलला’ हे माझं म्हणणं मागे घेते.

खोलपाणी

समुद्राचा विषय निघाला म्हणून लिहितो, सागरी भूशास्त्र हे माझं क्षेत्र आहे.

आमच्याकडे ‘ऊझ’ हा सैल शब्द राहिलेला नाही, त्याला व्याख्या आहे. खोल समुद्राच्या तळावरच्या गाळात सूक्ष्मजीवांच्या सांगाड्यांचा वाटा ३० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच त्याला ‘ऊझ’ म्हणायचं. त्याहून कमी असेल तर तो साधा माती-गाळ. टीपकागद, तुमच्या पुस्तकात शाळकरी मुलांसाठी ही गोष्ट नक्की यायला हवी, कारण मुलांना चिखल म्हटलं की माती डोळ्यांसमोर येते. इथे चिखलाचा मोठा वाटा म्हणजे कधीकाळी जिवंत असलेल्या सूक्ष्मजीवांची घरं आहेत.

दोन मोठे प्रकार. एक चुन्याच्या सांगाड्यांचा : फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव, त्यातही ग्लोबिजेरिना, आणि कॉकोलिथ म्हणजे चुन्याच्या बारीक चकत्या बनवणारी सूक्ष्म शैवालं. खोल समुद्रतळाचा जवळजवळ निम्मा भाग याने झाकलेला आहे. दुसरा सिलिकाच्या सांगाड्यांचा : डायटम ही सूक्ष्म शैवालं आणि रेडिओलेरिया हे एकपेशीय जीव. डायटमचा गाळ अंटार्क्टिकाभोवती पट्ट्यासारखा पसरला आहे, रेडिओलेरियाचा विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागरात सापडतो. सुमारे ४ ते ५ किलोमीटर खोलीखाली चुन्याचे सांगाडे पाण्यात विरघळून जातात, म्हणून त्याहून खोल तळावर चुन्याचा गाळ मिळत नाही. वरून हिमवर्षाव व्हावा आणि एका ठरावीक उंचीखाली तो जमिनीला पोचूच नये, तसं.

साठण्याचा वेग? हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर. तुमच्या पुस्तकातली शेकडो मीटरची जाडी या हिशेबाने वाचा.

नाव कुठून आलं तेही सांगतो. ते शास्त्रज्ञांनी शोधलेलं नाही, खलाशांचं आहे. खोली मोजायला दोरीला शिशाचं वजन बांधून सोडत. त्या वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरलेली. तळाला टेकलं की चरबीला जे चिकटेल ते वर येई : वाळू, शिंपले किंवा मऊ चिखल. मऊ चिखल असेल तर सागरी नकाशावर त्या जागी ‘ऊझ’चं संक्षिप्त रूप लिहायचे. नांगर कुठे धरेल आणि कुठे घसरेल हे त्यावरून कळायचं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांत ३६२ ठिकाणी थांबून मोजमापं केली, नमुने घेतले. जॉन मरे आणि रेनार यांनी त्या नमुन्यांवरचा अहवाल १८९१ साली प्रसिद्ध केला, त्यात खलाशांचा हा शब्द शास्त्रीय वर्गीकरणात कायमचा बसला.

टीपकागद

चरबीला चिकटलेला चिखल वाचून अंगावर काटा आला. हे पुस्तकात नाही. प्रकाशकांची परवानगी मिळाली तर चौकटीत घालीन.

पानगळ

खोलपाणी, या चिखलातच जीव शोधल्याची ती जुनी गोष्ट सांगा ना.

खोलपाणी

बॅथिबियसची. सांगतो, कारण ती शब्दाशीही जोडलेली आहे.

१८५७ साली अटलांटिकमधून तारेची केबल टाकण्याआधी ‘सायक्लॉप्स’ जहाजाने तळाचे नमुने काढले आणि ते अल्कोहोलमध्ये घालून ठेवले. १८६८ साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्यात एक जेलीसारखा पदार्थ दिसला. त्यांना वाटलं, हा जिवंत आहे, सगळ्या समुद्रतळावर पसरलेला आद्य जीवद्रव्याचा थर आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी अशा आद्य चिखलाची कल्पना आधीच मांडलेली होती, म्हणून हक्सलींनी त्याला ‘बॅथिबियस हेकेलाय’ असं नाव दिलं.

चॅलेंजरवरच्या लोकांनी ताज्या नमुन्यांत तो शोधला, सापडेना. मग जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन यांच्या लक्षात आलं की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो, आणि तो अगदी तसाच दिसतो. जीव नव्हताच, बरणीत तयार झालेला साका होता. १८७५ साली हे कळताच हक्सलींनी आपली चूक छापून कबूल केली. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या सरळपणे मान्य केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

‘ऊझ’ या शब्दात रसही आहे आणि चिखलही. चिखलातून रस निघावा, जीव निघावा, ही कल्पना त्या काळी इतक्या सहज पटली त्यात या शब्दाचाही थोडा हात असावा, असं मला आपलं वाटतं. याला पुरावा नाही.

शुश्रूषा

मी रुग्णसेवेत आहे. टीपकागदताईंना ‘रक्त पाझरत होतं’ का खटकतं, त्याचं माझ्या परीने उत्तर देते.

प्रथमोपचार शिकवताना रक्तस्रावाचे तीन प्रकार सांगतात. रोहिणी कापली तर रक्त उसळून येतं, चिळकांडी उडते. शीर कापली तर एकसारखी धार लागते. आणि नुसतं खरचटलं, केशवाहिन्या फुटल्या, तर रक्त सगळ्या जागेवर बारीक बारीक जमून वर येतं. इंग्रजीत या तिसऱ्यालाच ‘ऊझिंग’ म्हणतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावरही हाच शब्द असतो : एका जागी बोट ठेवून थांबवता येत नाही असा, सगळ्या पृष्ठभागावरून येणारा स्राव.

म्हणून तुमचं म्हणणं खरं आहे, वेग हा मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा असा की त्याला ‘तोंड’ नाही. नळाला तोंड असतं, झऱ्याला मुख असतं. ‘ऊझ’ होतं ते कुठून येतंय ते बोटाने दाखवता येत नाही.

जखमेबद्दल मराठीत लोक काय म्हणतात? ‘जखमेतून पाणी सुटलंय’, ‘लस येतेय’, ‘जखम वाहतेय’, ‘अजून ओली आहे’. रोगी किंवा नातेवाईक ‘पाझरतंय’ असं सहसा म्हणत नाहीत. गुडघ्याच्या वाक्याला मी ‘खरचटलेल्या जागी रक्त बारीक बारीक वर येत होतं’ असं लिहीन. एका शब्दाला एक शब्द मिळणार नाही, पण मुलाला स्वतःचा गुडघा आठवेल.

टीपकागद

‘त्याला तोंड नाही’. हेच मला आठवडाभर सापडत नव्हतं. मनापासून आभार.

पानगळ

खटकण्याचं आणखी एक कारण सुचवते. ‘पाझर’ हा मराठीत मायेचा शब्द आहे. दगडाला पाझर फुटतो तेव्हा कठोर माणूस विरघळलेला असतो. गाय पान्हावते, आईला पान्हा फुटतो. आतून काही झिरपून बाहेर येणं हे आपल्या भाषेत बहुतेक वेळा करुणेचं लक्षण आहे.

इंग्रजी ‘ऊझ’ला ही माया नाही. त्याचा ओढा किळसेकडे आहे : पू, चिखल, भिंतीतून येणारी ओल. एखाद्याच्या वागण्यातून गोडवा ‘ऊझ’ होतो असं इंग्रजीत लिहिलं की वाचणारा थोडा सावध होतो, गोडवा जरा जास्तच झाला असं त्याला वाटतं. आत्मविश्वासाबद्दलही तो शब्द येतो, तिथे कौतुक असू शकतं, पण चिकटपणाची छटा सुटत नाही. आपण तिथे ‘ओसंडणे’ वापरतो, आणि ओसंडणं म्हणजे भांडं भरून वाहणं. ते उदार आहे.

म्हणून गुडघ्यातून रक्त ‘पाझरलं’ की वाक्याला नको तेवढा हळवेपणा येतो.

स्वरभक्ती

पानगळ, फार सुंदर निरीक्षण. ‘पाझर’ आणि ‘पान्हा’ यांच्या मुळांची भर घालते.

‘पाझरणे’ संस्कृत प्र + क्षर् वरून, प्राकृतात ‘पज्झरइ’. क्षर् म्हणजे वाहणं, झिजत जाणं. क्षचा प्राकृतात झ झाला. ‘झरणे’, ‘झरा’ त्यातलेच. आणि ‘अक्षर’ही त्याच धातूचं : जे क्षरत नाही, पाझरून जात नाही ते. आपण इथे पाझरण्यावर जे लिहितो आहोत ते सगळं न पाझरणाऱ्या गोष्टींनी लिहितो आहोत.

‘पान्हा’ मात्र वेगळ्या मुळाचा, संस्कृत ‘प्रस्नव’ म्हणजे दूध स्रवणे, त्यावरून. दिसायला जवळचे असले तरी पाझर आणि पान्हा हे सख्खे नाहीत. ऊझच्या दोन शब्दांसारखीच गोष्ट.

वाटसरू

प्रश्न : इंग्लंडात ‘ऊझ’ नावाच्या नद्या आहेत. एक यॉर्कमधून वाहते. त्या संथ आहेत म्हणून हे नाव का?

जुनीपोथी

असं वाटणं साहजिक आहे, पण नाही. नदीच्या नावाचं स्पेलिंगही वेगळं आहे. जुन्या इंग्रजी बखरीत ते ‘ऊसे’, ‘ऊसन’ अशा रूपांत येतं, म्हणजे ‘व’ नाही आणि स्वर ऊ. ज्या काळात रसाचा शब्द अजून ‘वोस’ होता त्या काळात नदी आधीच ‘ऊसे’ होती. म्हणजे आजचं साम्य नंतर घडलेलं आहे. नद्यांची नावं बहुधा तिथल्या आधीच्या लोकांची असतात, ही त्यातलीच. बरेच अभ्यासक ती ‘पाणी’ या अर्थाच्या मुळाशी जोडतात.

नदीवरून क्रियापद झाल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर ‘मिअँडर’ घ्या. आजच्या तुर्कस्तानात ब्युक मेंदेरेस नदी आहे. ग्रीक लोक तिला ‘मायआंद्रोस’ म्हणत. तिची वळणं इतकी प्रसिद्ध होती की वळणावळणाने जाण्याला तिचंच नाव पडलं.

कणाद

भौतिकशास्त्राच्या बाजूने. ज्या गुणामुळे पदार्थ हळू वाहतो त्याला मराठीत ‘श्यानता’ म्हणतात. इंग्रजी शब्द लॅटिन ‘विस्कुम’वरून आला. ते मिसलटो या बांडगुळाचं नाव, त्याच्या फळांच्या चिकट गरापासून पक्षी पकडायचा लासा बनवत.

हळू वाहण्याचा कळस पाहायचा तर क्वीन्सलँड विद्यापीठातला डांबराचा प्रयोग. थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली तापवलेलं पिच, म्हणजे घट्ट डांबर, नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं स्थिरावू दिलं आणि १९३० साली नरसाळ्याची दांडी कापली. हे पिच हातोडीने मारलं तर काचेसारखं फुटतं, तरी ते वाहतं. पहिला थेंब पडायला १९३८ उजाडलं. आठवा २०००मध्ये, नववा २०१४मध्ये. त्यावरून काढलेली श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट भरते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असाच प्रयोग आहे, तिथे २०१३च्या जुलैमध्ये थेंब पडताना पहिल्यांदा कॅमेऱ्यात टिपला गेला.

आता इतकं हळू असूनही इंग्रजीत याला ‘ऊझ’ म्हणत नाहीत, ‘ड्रॉप’च म्हणतात. कारण शुश्रूषा म्हणाल्या तेच : नरसाळ्याला तोंड आहे.

उलट बाजूही सांगतो. १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टनमध्ये काकवीची प्रचंड टाकी फुटली. काकवी इंग्रजीत मंदपणाची उपमा आहे. त्या दिवशी तीच काकवी रस्त्यांवरून लाटेसारखी धावली आणि २१ माणसं गेली. दाट पदार्थ हळूच वाहतो असं नाही, मागे किती दाब आहे त्यावर ते ठरतं.

वाटसरू

जुन्या चर्चच्या खिडक्यांची काच खाली जाड असते, ती शतकानुशतकं ओघळल्यामुळे, हे खरं का?

कणाद

नाही. नेहमीच्या तापमानाला काच तशी वाहत नाही. जुन्या पद्धतीने बनवलेल्या तावदानांची जाडीच असमान असायची, आणि बसवणारे बहुधा जाड कड खाली ठेवत.

जुनीपोथी

टीपकागद, तुमच्या पुस्तकात ‘सीप’ आणि ‘ट्रिकल’ही येतीलच, म्हणून थोडक्यात.

‘सीप’ जुन्या इंग्रजीतल्या ‘सिपियन’ या क्रियापदाशी जोडलेला. बराच काळ तो बोलीभाषांत ‘साइप’ या रूपात राहिला, ग्रंथात उशिरा आला. साबणासाठीचा ‘सोप’ हा शब्द आणि चाळणीसाठीचा ‘सिव्ह’ यांना काही अभ्यासक त्याच मुळाशी नेतात, ठिबकणे-गळणे या अर्थाच्या. (टायरवरच्या बारीक चिरांनाही ‘साइप’ म्हणतात, पण ते जॉन साइप या माणसाच्या आडनावावरून.)

‘ट्रिकल’ची गोष्ट जास्त रंगतदार. १४व्या शतकात तो प्रामुख्याने अश्रूंच्या संगतीत भेटतो. एक मत असं की मूळ शब्द ‘स्ट्रिकल’ होता. ‘टीअर्स’ म्हणजे अश्रू, त्याच्या शेवटचा ‘स’ आणि क्रियापदाच्या सुरुवातीचा ‘स’ एकमेकांत मिसळले आणि क्रियापदाने आपला ‘स’ गमावला. मत सिद्ध झालेलं नाही. पण असं घडतं हे नक्की, आपल्या नारिंगाचा ‘न’ युरोपात जाता जाता असाच गळला आणि ‘ऑरेंज’ झालं.

फरक असा धरा : ट्रिकल म्हणजे बारीक धार, ओघळ. ती दिसते, तिला वाट असते. सीप म्हणजे एखाद्या माध्यमातून आरपार जाणं, भर त्या माध्यमावर. ऊझ म्हणजे आतलं बाहेर येऊन दिसणं, भर त्या बाहेर आलेल्या पदार्थावर.

रानवाट

मराठीत ‘झिरपणे’ आणि ‘पाझरणे’ यांत नेमकी हीच वाटणी आहे! पाणी जमिनीत झिरपतं आणि कड्यातून पाझरतं. आत जाताना झिरपतं, बाहेर येताना पाझरतं. मातीचं भांडं पाझरतं, झिरपत नाही. बोलताना लोक सरमिसळ करतात, पण कान ठेवून ऐकलं तर फरक जाणवतो.

शुश्रूषा

आम्ही ‘एक्झ्यूडेट’ म्हणतो जखमेच्या स्रावाला, तोही याच घरचा का?

स्वरभक्ती

अर्थाने शेजारचा, कुळाने वेगळा, आणि आपल्याला जास्त जवळचा. लॅटिन ‘सुदारे’ म्हणजे घाम येणे, त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागला. इंग्रजी ‘स्वेट’ आणि संस्कृत ‘स्वेद’ त्याचीच भावंडं. तुम्ही म्हणता त्या ‘स्राव’चा धातू स्रु, त्याचं इंग्रजी भावंड ‘स्ट्रीम’.

चिखलाच्या ‘ऊझ’चंही असं एक दूरचं नातं सांगतात. काही कोशकार त्याला ‘वाहणे’ अर्थाच्या ज्या मुळाशी नेतात, त्याच मुळाशी लॅटिन ‘विरुस’ म्हणजे चिकट विषारी द्रव आणि संस्कृत ‘विष’ यांनाही नेतात. विरुस आणि विष यांचं नातं पक्कं आहे. ऊझला त्या पंगतीत बसवणं थोडं जपून करावं.

रानवाट

झाडाच्या रसाचा अर्थ आज पूर्ण मेला का? नाम म्हणून?

जुनीपोथी

एका कोपऱ्यात टिकला आहे. कातडं कमावणारे ओकच्या सालीचा जो काढा करतात, त्यात कातडी भिजत घालतात, त्या काढ्याला इंग्रजीत ‘ऊझ’ म्हणतात. वनौषधींच्या ग्रंथातला ‘वोस’ हजार वर्षांनी चर्मकाराच्या हौदात भेटतो. खोल समुद्रातल्या चिखलाशी त्याचा संबंध नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

मोजपट्टी

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. एक गोष्ट कुणी बोललं नाही.

मराठीत ‘गळणे’ आहे : थेंब थेंब बाहेर येणं. त्याचं प्रयोजक ‘गाळणे’. आणि गाळून, खाली बसून जे उरतं तो ‘गाळ’. तिन्ही एकाच धातूचे. इंग्रजीत पाझरण्याचं क्रियापद आणि तळाशी बसलेल्या चिखलाचं नाम हे वेगवेगळ्या घरांतून येऊन योगायोगाने एक झाले. आपल्याकडे तीच जोडी जन्मापासून एका घरातली आहे.

टीपकागद, तुम्ही मनाशी जुळवलेली ‘पाझरून चिखल झाला’ ही गोष्ट इंग्रजीबद्दल चूक होती. मराठीबद्दल ती जवळजवळ बरोबर आहे. म्हणून समुद्रतळाच्या वाक्यात ‘चिखल’ नको, ‘पंक’ही नको, ‘गाळ’च ठेवा. समुद्र वरून सांगाडे गाळतो आणि ते तळाशी बसतात. मुलाला व्याख्या न देताही शब्दातून प्रक्रिया कळेल.

खोलपाणी

मोजपट्टींना दुजोरा. फक्त नुसता ‘गाळ’ म्हटलं तर नदीचा गाळ आणि हा गाळ एकच वाटेल. पहिल्या उल्लेखात ‘सांगाड्यांचा गाळ’ म्हणा, पुढे ‘गाळ’ चालेल.

टीपकागद

सगळ्यांचे वाचून तीन वाक्यं आज अशी केली :

‘सालीला चीर पडली होती आणि तिच्यातून राळ पाझरत होती.’

‘गुडघा सोलवटला होता. रक्ताची धार नव्हती, पण सगळ्या जागेवर ते बारीक बारीक वर येत होतं.’

‘खोल समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांचा शेकडो मीटर जाड गाळ साठलेला आहे. त्यातला एक सेंटिमीटर साठायलाही शेकडो वर्षं लागतात.’

शेवटचं अर्धं वाक्य मूळात नाही, खोलपाणींच्या माहितीवरून जोडलं आहे. संपादकांना तसं कळवते. पुढच्या प्रकरणात समुद्रतळातून गार पाणी आणि मिथेन बाहेर येतात ती जागा आहे. इंग्रजीत ‘कोल्ड सीप’.

खोलपाणी

त्या जागा पहिल्यांदा १९८०च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर सापडल्या. तिथे सूर्यप्रकाशाशिवाय मिथेन आणि सल्फाइडवर जगणारे जीव आहेत. ‘कोल्ड’ म्हणजे बर्फासारखं नव्हे, उष्ण झऱ्यांच्या तुलनेत थंड एवढंच. तेव्हा ‘थंड झरा’ करू नका. झऱ्याला तोंड असतं.

रानवाट

मग ‘शीत पाझर’ करा. आतून बाहेर येतंय, आणि तोंड नाही.

पानगळ

आणि तिथे पाझराची मायाही शोभेल. त्याच्यावरच सगळे जगतात.

टीपकागद

‘शीत पाझर’ घेतलं.